एकाच फाइलीत तीन कामं मिसळली असताना: हवं ते कमिट, नको ते बाद

एका वाचकाचा प्रश्न असा आहे. बिलातला कर चुकीचा निघत होता. तीन दिवस शोधून बग सापडला, दुरुस्तही झाला. पण शोधताना जागोजागी व्हॅल्यू छापण्याच्या ओळी टाकल्या गेल्या. वाटेत एक लांबलचक फंक्शन दिसलं, ते फोडायला घेतलं आणि अर्ध्यावर राहिलं. त्यात एडिटरनं सेव्ह करताना फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप सारखी करणारं साधन, चालवला आणि फाइलीच्या बऱ्याच भागाचं इंडेंटेशन बदललं. आता लीडला फक्त बगदुरुस्ती हवी आहे, तीही आजच. कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करण्याआधी बदल निवडायची आज्ञा 'गिट ॲड'; ती तर अख्खी फाइल उचलते. मग त्यातल्या आपल्या सात-आठ ओळी उचलायच्या कशा आणि बाकीचं काढायचं कसं? विचारणाऱ्याला एका सहकाऱ्यानं सल्ला दिला आहे की 'गिट चेकआउट डॉट' मार आणि त्या ओळी पुन्हा लिहून काढ.

तो सल्ला अजून पाळला नसेल, तर कृपा करून पाळू नका. तीन दिवसांच्या कामात त्या सात-आठ ओळींखेरीज आणखी काय काय आहे हे या क्षणी तुम्हालाही पूर्ण आठवत नसणार. आणि ती आज्ञा काही न विचारता सगळं पुसते.

(आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.)

खरी अडचण 'काही ओळी कशा उचलू' एवढीच नाही. तुमच्या फाइलीत दोन नाही, तीन ढीग आहेत: आज जाणारं, नंतर लागणारं आणि फेकायचं. तांदूळ निवडताना खडे एकीकडे आणि तांदूळ एकीकडे एवढंच असतं. इथे तिसरा ढीग आहे, आणि नुकसान त्याचंच होतं, कारण 'कमिट करू' किंवा 'फेकू' या दोनच गोष्टी डोक्यात असतात आणि अर्धवट रीफॅक्टरिंग, म्हणजे ते फंक्शन फोडून कोडची मांडणी सुधारणं, फेकण्याच्या ढिगात जातं. तेव्हा आधी एका कागदावर किंवा नुसतं मनाशी ठरवा: कोणता बदल कोणत्या ढिगातला. आज्ञा त्यानंतर.

आता थोडं आतलं. गिटमध्ये तुमच्या कोडच्या एका वेळी तीन आवृत्त्या असतात. शेवटचं कमिट, म्हणजे हेड. डिस्कवर दिसतात त्या फाइली, म्हणजे वर्किंग ट्री. आणि या दोहोंच्या मधली तिसरी, इंडेक्स किंवा स्टेजिंग एरिया; पुढच्या कमिटमध्ये जायचं ते इथे जमतं, आणि तिथे ठेवणं म्हणजे स्टेज करणं. 'गिट ॲड' म्हटल्यावर फाइलीवर नुसती खूण होते असं बरेच जण समजतात. तसं नाही. त्या क्षणीचा मजकूर खरोखर डॉट-गिट फोल्डरमध्ये एक वस्तू म्हणून लिहिला जातो. म्हणून एकदा स्टेज झालेली गोष्ट नंतर चुकून उडाली तरी बहुतेक वेळा परत मिळते. जे कधीच स्टेज, स्टॅश (बदल तात्पुरते बाजूला ठेवणं) वा कमिट झालं नाही, त्याची गिटला खबरच नसते, आणि ते फेकलं की गिट परत देऊ शकत नाही. माझ्या कामाचा सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे: निवडणं आधी, फेकणं शेवटी.

पहिली पायरी, आत्ता, हे वाचता वाचताच करा. 'गिट स्टॅश पुश -यू' आणि लगेच 'गिट स्टॅश अप्लाय'. पॉप नाही, अप्लाय. पॉप स्टॅशमधली प्रत काढून टाकतं, अप्लाय ती तशीच ठेवतं. या दोन आज्ञांनंतर तुमच्या फाइली होत्या तशाच दिसतील, पण त्यांची एक पूर्ण प्रत स्टॅशमध्ये सुरक्षित असेल. -यू यासाठी, की गिटच्या हिशेबात नसलेल्या नव्या फाइलीही त्यात याव्यात. नुसतं 'गिट स्टॅश' त्यांना हात लावत नाही. आता पुढे काहीही चुकलं तरी तीन दिवस जाणार नाहीत, आणि हात न थरथरता काम करता येईल.

दुसरं, फॉरमॅटरचा गोंधळ किती आहे ते बघा. 'गिट डिफ' आणि 'गिट डिफ -डब्ल्यू' एकामागून एक चालवा. -डब्ल्यूमुळे मोकळ्या जागेतले फरक दिसत नाहीत. पहिल्यात चारशे ओळी आणि दुसऱ्यात चाळीस दिसल्या, तर पुढची युक्ती कामाची आहे. रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या गिट-फोल्डरच्या, मुळाशी उभं राहून 'गिट डिफ -डब्ल्यू' चं आउटपुट पाइपनं 'गिट अप्लाय --कॅश्ड --इग्नोअर-व्हाइटस्पेस' ला द्यायचं. यानं मोकळ्या जागेचे बदल सोडून बाकीचे सगळे बदल इंडेक्समध्ये जातात; डिस्कवरची फाइल तशीच राहते. मग 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड -पी' घेऊन त्या चाळीस ओळींतून छापण्याच्या ओळी आणि अर्धवट रीफॅक्टरिंग इंडेक्समधून बाहेर काढायचं. म्हणजे उलटी निवड: आधी सगळं आत, मग नको ते बाहेर. चारशे ओळींत चाळीस शोधत बसण्यापेक्षा हे फार हलकं जातं.

पण इथे भाषेवर सगळं अवलंबून आहे. जावा, सी, जावास्क्रिप्ट असेल तर -डब्ल्यू बहुतांशी निर्धोक. पायथन किंवा यॅमल (सेटिंग लिहिण्याची एक पद्धत) असेल तर इंडेंटेशन हाच अर्थ. एखादी ओळ इफच्या आतून बाहेर आली हा कदाचित तुमचा बगफिक्सच असेल, आणि -डब्ल्यू तो लपवेल. पायथनमध्ये मी ही युक्ती वापरत नाही, तिथे बदलांच्या एकेका तुकड्यानं, हंकाहंकानं, जातो. आणि विंडोजवर काम करताना प्रत्येक फाइल अख्खी बदललेली दिसत असेल, तर तो फॉरमॅटर नसून ओळीच्या शेवटाचा फरक असण्याची शक्यता जास्त. 'गिट डिफ --इग्नोअर-सीआर-ॲट-ईओएल' चालवा. फरक नाहीसा झाला की निदान झालं.

गोंधळ लहान असेल, तर सरळ 'गिट ॲड -पी' आणि पुढे फाइलीचं नाव. गिट बदलांचे तुकडे पाडतं, त्यांना हंक म्हणतात, आणि एकेक दाखवून विचारतं की हा स्टेज करू का. वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. ए म्हणजे हा आणि या फाइलीतले उरलेले सगळे, डी म्हणजे हा आणि उरलेले एकही नको. क्यू म्हणजे थांबा. क्यू दाबल्यानं आधी दिलेले होकार रद्द होतात असं पुष्कळांना वाटतं. ते रद्द होत नाहीत, उरलेले हंक फक्त विचारले जात नाहीत. प्रश्नचिन्ह दाबलं की सगळ्या अक्षरांचा अर्थ समोर येतो, पाठ करायची गरज नाही.

हंक मोठा असेल तर एस दाबा, तो फुटतो. पण फोडायला मध्ये निदान एक न बदललेली ओळ लागते. तुमची दुरुस्तीची ओळ आणि तिच्याच खाली छापायची ओळ अशा चिकटून असतील, तर एस चा पर्याय गिट देणारच नाही. बहुतेक लोक इथे अडतात आणि अख्खा हंक घेऊन टाकतात. तुमच्या बाबतीतही हेच होणार, कारण आपण छापायची ओळ टाकतो ती संशय असलेल्या ओळीला लागूनच.

तिथे ई. एडिटर उघडतो आणि हंकाचा पॅच, म्हणजे ओळीओळीनं लिहिलेला फरक, दिसतो. अधिकचं चिन्ह असलेली ओळ म्हणजे नवी ओळ. ती स्टेज व्हायला नको असेल तर अख्खी ओळ पुसा. वजाचं चिन्ह असलेली ओळ म्हणजे काढलेली ओळ. ती काढणं या कमिटमध्ये नको असेल तर ओळ पुसायची नाही, फक्त वजाच्या जागी एक स्पेस ठेवायची. स्पेसनं सुरू होणाऱ्या ओळींना हात लावायचा नाही. एवढेच तीन नियम. वरच्या ॲट-ॲट च्या ओळीतले आकडे जुळवत बसू नका, ते गिट स्वतः सांभाळून घेतं. पॅच बसला नाही तर गिट पुन्हा संपादन करायचं का ते विचारतं, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. डिस्कवरच्या फाइलीला यात धक्का लागत नाही, बदलतो तो फक्त इंडेक्स. न बसण्याचं एक कारण मी वारंवार पाहिलं आहे: एडिटर टॅबचे स्पेस करून टाकतो आणि आजूबाजूच्या ओळी जुळेनाशा होतात. पॅच संपादनापुरती ती सोय बंद ठेवा.

नव्या फाइली 'ॲड -पी' मध्ये दिसत नाहीत. त्यासाठी आधी 'गिट ॲड -एन', इथे एन मोठं अक्षर. यानं फाइलीची नोंद होते, मजकूर अजून आत जात नाही, आणि मग तीही हंकांत विचारली जाते.

टर्मिनल नको असेल तर व्हीएस कोडमध्ये फरकाच्या दृश्यात ओळी निवडून 'स्टेज सिलेक्टेड रेंजेस' करता येतं, आणि चिकटलेल्या ओळींसाठी मला ते ई पेक्षा सोपं वाटतं. त्याच्याच जवळ 'रिव्हर्ट सिलेक्टेड रेंजेस' असतं, तेवढं नीट वाचून दाबा.

निवड झाली की 'गिट डिफ --स्टेज्ड'. ही पायरी मी कधीच गाळत नाही. कमिटमध्ये नेमकं काय जाणार ते इथे दिसतं. एखादी छापायची ओळ राहिली, चाचणीसाठी टाकलेला पासवर्ड किंवा एपीआय की राहिली, तर ती इथेच पकडायची. मग 'गिट कमिट -व्ही', म्हणजे संदेश लिहितानाही तोच फरक खाली समोर असतो. इथे हाताच्या सवयीनं 'गिट कमिट -ए' टाइप होऊ देऊ नका. -ए म्हणजे गिटला माहीत असलेल्या सगळ्या फाइलींतले सगळे बदल. अर्धा तास केलेली निवड त्या एका अक्षरानं वाया जाते.

आता फेकणं. 'गिट रिस्टोअर -पी' पुन्हा तसेच हंक दाखवतं, तीच अक्षरं, तसाच प्रश्न. पण इथे वाय म्हणजे 'हा हंक डिस्कवरून काढून टाक'. 'ॲड -पी' मध्ये वीस वेळा 'हवं ते वाय' केलेलं बोट इथेही हवं त्यालाच वाय दाबतं, आणि नेमकं हवं तेच जातं. मी टीममधल्या प्रत्येक नव्या माणसाला हे शेजारी बसून दाखवतो, कारण वाचून ते लक्षात राहत नाही. प्रश्नाची ओळ दर वेळी वाचा. स्टेज असं लिहिलं आहे की डिस्कार्ड, ते पाहून मगच बोट उचला. आणि फेकताना ए कधीच दाबू नका.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. 'गिट रिस्टोअर' डिस्कवरची फाइल हेडप्रमाणे करत नाही, इंडेक्सप्रमाणे करतं. म्हणजे जे स्टेज केलं ते त्याला हात लावू शकत नाही, फक्त न स्टेज केलेलं जातं. म्हणूनही निवड आधी. ही आज्ञा गिट २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून आहे. ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवर ती नसेल तर 'गिट चेकआउट -पी' तेच काम करतं. एकाच 'चेकआउट' मध्ये ब्रँच बदलणं आणि फाइल पुसणं अशी दोन अगदी वेगळी कामं होती, ती 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशी वेगळी केली गेली. जमेल तिथे नव्या आज्ञा वापरा, हेतू स्पष्ट राहतो.

छापायच्या ओळी गेल्या. उरलं अर्धवट रीफॅक्टरिंग आणि फॉरमॅटिंग. ते बाजूला ठेवायला 'गिट स्टॅश पुश -यू -एम' आणि पुढे अवतरणात नाव. नाव द्याच. 'कर-फंक्शन फोडणं, अर्धवट' असं लिहिलेला स्टॅश महिन्याभरानंही ओळखू येतो. बिननावाचे सात स्टॅश साचले की ते उघडायची कोणाची हिंमत होत नाही.

आणि आता, पुश करण्याआधी, म्हणजे कमिट टीमच्या सर्व्हरवर पाठवण्याआधी, ती पायरी जिच्यासाठी मी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसलो. या क्षणी डिस्कवर जे आहे ते नेमकं तुमच्या कमिटएवढं आहे. टेस्ट चालवा. बिल्ड करा. कराचा तो आकडा पुन्हा काढून बघा.

कारण निवडून केलेलं कमिट म्हणजे कोडची अशी अवस्था, जी आजवर कुठेही चाललेली नाही. तुम्ही तीन दिवस जे चालवून पाहिलं त्यात छापायच्या ओळी होत्या, फोडलेलं फंक्शन होतं, सगळं होतं. त्यातला तुकडा एकटा उभा राहतो का हे कोणीच पाहिलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मी एका फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला होता. व्याख्या एका फाइलीत, ते बोलावणारी ओळ दुसरीत. दुसऱ्या फाइलीतला तो हंक छापायच्या ओळींच्या घोळक्यात होता आणि मी त्याला एन म्हटलं. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत चालत होतं, कारण डिस्कवर दोन्ही बदल होते. कमिटमध्ये मात्र एकच गेला. शुक्रवारी संध्याकाळी ते मुख्य कोडमध्ये मर्ज झालं, बिल्ड कोसळलं आणि दुसऱ्या टीमची चार माणसं माझ्या एका एन पायी रात्री ऑफिसात थांबली. तेव्हापासून उरलेलं स्टॅश करून टेस्ट चालवल्याशिवाय मी निवडलेलं कमिट पुश केलेलं नाही.

टेस्ट पडली तर बिघडलं काहीच नाही. 'गिट स्टॅश पॉप', राहिलेला हंक 'ॲड -पी' नं घ्या, 'गिट कमिट --अमेंड' नं तेच शेवटचं कमिट सुधारा, पुन्हा स्टॅश, पुन्हा टेस्ट. कमिट अजून तुमच्याच मशीनवर असेल तोवर अमेंडची काही भीती नाही; पुश झालं असेल आणि त्यावर इतरांनी काम सुरू केलं असेल तर मात्र नवं कमिट करा. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर गिट तो स्टॅश काढून टाकत नाही, तेव्हा धीरानं सोडवा. आणि पहिल्या पायरीतली पूर्ण प्रत खाली आहेच. टेस्ट पास झाल्या की पुश करा, मग 'गिट स्टॅश लिस्ट' मध्ये नावं वाचून अर्धवट काम परत घ्या.

हे सगळं केव्हा करू नये, तेही सांगतो. बगदुरुस्ती फोडलेल्या नव्या फंक्शनच्या आतच केलेली असेल, तर त्या ओळी जुन्या कोडमध्ये ठेवायला जागाच नाही. तिथे ई घेऊन तासभर पॅच कोरत बसू नका. 'गिट वर्कट्री ॲड' नं शेजारच्या फोल्डरमध्ये शेवटच्या कमिटची स्वच्छ प्रत उघडा आणि दुरुस्ती तिथे हातानं पुन्हा लिहा. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याच्या सल्ल्यातला 'पुन्हा लिही' हा अर्धा भाग इथे बरोबर ठरतो. चूक होती ती आधी सगळं पुसण्यात. टीममध्ये पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपले बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती, मर्ज करताना सगळी कमिटं एकच केली जात असतील, तर स्वतःच्या ब्रँचवरची कमिटं इतकी कोरीव असण्याची गरजही कमी. मग वेगळेपणा पुल रिक्वेस्टच्या पातळीवर ठेवा: दुरुस्तीची एक, रीफॅक्टरिंगची दुसरी. फॉरमॅटिंगची मात्र कुठल्याही टीममध्ये वेगळीच असावी, या मतावर मी ठाम आहे. मोकळ्या जागेच्या चारशे ओळींच्या फरकात लपलेली एक चुकीची ओळ रिव्ह्यू करणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

आणि समजा, हे उत्तर पोचेपर्यंत तुम्ही 'चेकआउट डॉट' मारून बसला असाल, तर. आधी हात थांबवा आणि एडिटर बंद करू नका. फाइल अजून उघडी असेल तर अनडू दाबून पाहा, पुष्कळदा मजकूर तिथेच परत येतो. व्हीएस कोडमध्ये एक्स्प्लोररच्या तळाशी टाइमलाइन आहे; मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून ती प्रत्येक सेव्हची स्थानिक प्रत ठेवते. जेटब्रेन्सच्या एडिटरांमध्ये त्याला लोकल हिस्टरी म्हणतात. त्या तीन दिवसांत कधीही 'गिट ॲड' केलं असेल, तर 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' चालवा. सुटा पडलेला मजकूर डॉट-गिट मधल्या लॉस्ट-फाउंड फोल्डरात, अदर नावाच्या उपफोल्डरात लिहिला जातो. तिथे फाइलींची नावं नसतात, नुसते हॅश, म्हणजे गिटनं दिलेले लांब ओळख-क्रमांक, असतात, तेव्हा आत तुमच्या एखाद्या व्हेरिएबलचं नाव ग्रेप या शोधायच्या आज्ञेनं शोधा. स्टॅश चुकून ड्रॉप झाला असेल तर टर्मिनलवर वर सरकून पाहा: ड्रॉप करताना गिट त्याचा हॅश छापतं, आणि 'गिट स्टॅश अप्लाय' पुढे तोच हॅश दिला की तो परत येतो. हे आजच करा. सुट्या पडलेल्या आणि दोन आठवड्यांहून जुन्या झालेल्या वस्तू गिट आपल्या साफसफाईत कायमच्या काढून टाकतं.